जालन्याचे दुसरे बियाणे

मत्स्यबीज म्हणजे माशांचे बियाणे. शेतकरी जसा दरवर्षी पेरणीआधी बियाण्याची सोय लावतो, तशीच तलावाचा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेलाही दर पावसाळ्यात बीज मिळवावे लागते. हे बीज तयार करणारी जागा म्हणजे मत्स्यबीज केंद्र. तिथे मोठे नर-मादी मासे सांभाळले जातात, त्यांच्याकडून ठरलेल्या दिवशी अंडी घेतली जातात, पिल्ले वाढवली जातात आणि बोटाएवढी झाली की तलावांना दिली जातात. जालना जिल्ह्याला बियाण्याची महती वेगळी सांगायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको स्थापन केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि ‘जालना, सोन्याचा पाळणा’ म्हणवणारे गाव देशभर बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. कपाशीच्या बियाण्याचा एवढा बोलबाला असलेल्या या जिल्ह्यात पाण्यात पेरायच्या बियाण्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

तलावात एकदा मासे सोडले की ते आपोआप वाढत राहतील, असा अनेकांचा समज असतो. चिलापीच्या बाबतीत तो खरा आहे. ती कुठल्याही डबक्यात पिल्ले घालते आणि नको तितकी वाढते. ज्यांना बाजारात भाव आहे ते कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मात्र मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आणि वाहत्या नदीचे. पावसाळ्यात पूर आला, गढूळ पाणी काठावर पसरले की तिथे ते अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण बाहेर पडत नाहीत. पावसाळा सरला की ती शरीरातच जिरतात. म्हणजे सोमठाण्याचा अप्पर दुधना असो, भोकरदनचा जुई असो की शहराला पाणी पाजणारा घाणेवाडीचा तलाव, तिथल्या रोहूला वंश वाढवायचा तर नदी हवी, नाहीतर माणूस तरी हवा.

जालन्यात याला दुसरीही बाजू आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. दुधना, कुंडलिका, गिरिजा, केळणा या नद्या पावसाळ्याच्या चार महिन्यांपलीकडे क्वचितच वाहतात. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातले तलाव एकामागून एक तळाला गेले, जायकवाडीसारखे धरणही मृतसाठ्यावर आले. तलाव आटला की त्यातला मासा एक तर पकडला जातो किंवा चिखलात मरतो. हवेतला प्राणवायू घेऊ शकणारी मरळ ओल्या चिखलात काही काळ तग धरते. रोहू-कटल्याला ते जमत नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला, तरी त्यात मासा नसतो. कोरड्या जिल्ह्यातला तलाव असा दर काही वर्षांनी शून्यावर येतो आणि त्याला पुन्हा सुरुवात करून देणारे बीज बाहेरून यावे लागते.

पूर्वी हे बीज नदीतूनच गोळा करत. पावसाळ्यात बंगाल-बिहारच्या नद्यांत बारीक जाळी लावून वाहत येणारी पिल्ले धरायची, मडक्यांत भरायची आणि रेल्वेने लांबलांबच्या प्रांतांत पाठवायची, असा तो व्यापार होता. वाटेत निम्मीअधिक मरत. जी जगत त्यांत रोहू किती, फुटकळ मासे किती आणि इतरांना खाणारे शिकारी मासे किती, हे पिल्ले मोठी झाल्यावरच कळे. ही अडचण १० जुलै १९५७ रोजी सुटली. ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून साठलेल्या पाण्यातल्या कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या, माशांकडून अंडी घेतली. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. ग्रंथी मिळायची ती मासळीबाजारातून. विकायला आलेल्या पूर्ण वाढीच्या माशाच्या कवटीतून मेंदूखालची डाळीपेक्षा लहान ग्रंथी काढून अल्कोहोलमध्ये ठेवत आणि गरज पडली की वाटून तिचा अर्क करत. आता तयार संप्रेरकाच्या बाटल्या मिळतात, एकच मात्रा पुरते आणि ग्रंथी शोधत फिरण्याचा त्रास वाचला आहे.

सरकारी मत्स्यबीज केंद्र बहुधा धरणाच्या खालच्या अंगाला असते. पैठणचे केंद्र जायकवाडीच्या पायथ्याशी, येलदरीचे पूर्णेवरच्या धरणाखाली, उजनीचे भीमेवर. कारण सरळ आहे: धरणाचे पाणी पंपाशिवाय उताराने येते आणि विजेचे बिल वाचते. प्रजनक मासे, म्हणजे नर-मादीचा निवडक साठा, वर्षभर वेगळ्या तळ्यात असतो. दोन-तीन वर्षांचे, दोन-चार किलोचे हे मासे म्हणजे केंद्राचे भांडवल. उन्हाळ्यात त्यांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालून पोसतात.

जून-जुलैत पहिले दोन दमदार पाऊस झाले, हवा गार झाली की निवड सुरू होते. कर्मचारी जाळ्यातून एकेक मासा उचलून उलटा करून पाहतो. मादीचे पोट मऊ, फुगीर आणि गुदद्वार लालसर असेल तर ती तयार आहे. नराच्या छातीजवळच्या पराला बोट लावले की खरखरीत लागते आणि पोटावर हलका दाब दिला तर दुधासारखा स्राव येतो. हे बोटांनी ओळखायचे काम आहे. पुस्तक वाचून ते येत नाही. संध्याकाळी इंजेक्शन देतात, पाठीवरच्या पराच्या बाजूला किंवा शेपटीच्या देठाशी, खवल्याखालून. एका मादीमागे साधारण दोन नर धरून सगळे गोल हौदात सोडतात. या हौदाला चिनी पद्धतीची गोल हॅचरी म्हणतात. तिरप्या बसवलेल्या नळ्यांतून पाणी आत येते आणि हौदात गोल फिरत राहते. सिमेंटच्या त्या भिंतींत मादीला पूर आल्याचा भास होतो. मध्यरात्रीनंतर पाणी खळबळू लागते, नर मादीला ढुसण्या देतात आणि पहाटेपर्यंत हौदात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक अंडी तरंगत असतात.

ती अंडी नळीतून दुसऱ्या गोल हौदात जातात. पाणी सतत फिरते ठेवावे लागते. ते थांबले तर अंडी तळाला बसून गुदमरतात. वीज गेली की रात्रपाळीच्या माणसाची धांदल उडते ती याचसाठी. चौदा ते अठरा तासांत पिल्ले बाहेर पडतात. तीन दिवस ती पोटाशी असलेल्या पिवळ्या बलकावर जगतात, नंतर त्यांना तोंड फुटते. आता त्यांना जिरे म्हणतात आणि ती खरोखर जिऱ्याएवढीच दिसतात. जिरे संगोपन तळ्यात सोडायच्या आधी त्या तळ्यात चुना आणि शेणखत टाकून पाणी हिरवट करून घ्यावे लागते, कारण पिल्लांचा पहिला घास म्हणजे पाण्यातले डोळ्याला न दिसणारे प्लवंग. पाणकिडे जिऱ्यांचा फडशा पाडतात. त्यांच्यासाठी तेल आणि साबणाचा पातळ थर पाण्यावर पसरतात, म्हणजे श्वास घ्यायला वर आलेला किडा गुदमरतो. दोन-तीन आठवड्यांत जिऱ्याची अर्धबोटुकली होते, आणखी दोन-तीन महिन्यांत बोटुकली. विक्रीच्या वेळी एक एक पिल्लू मोजत बसत नाहीत. जाळीच्या एका वाटीत किती मावतात ते एकदा मोजायचे आणि पुढे वाट्या मोजायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से प्राणवायू भरून तोंड आवळले की माल गाडीत चढतो.

या साखळीची किंमत एका मादीच्या हिशोबातून लक्षात येते. तीन किलोची रोहू मादी सुमारे सहा लाख अंडी घालते. त्यांतली फलित होऊन जिऱ्यापर्यंत पोहोचलेली साडेतीन लाख धरली, तर तिसरा हिस्सा अर्धबोटुकली होतो आणि त्यातले सहा दशांश बोटुकली. म्हणजे सत्तर हजार. जलाशयात सोडल्यावर चारांतला एकच मासा पुढे जाळ्यात आला तरी साडेसतरा हजार मासे. पाऊण किलो वजन आणि किलोला शंभर रुपये एवढाच भाव धरला, तरी एका मादीच्या एका रात्रीतून तेरा लाखांवर रुपयांची मासळी उभी राहते. प्रत्यक्षात कधी हे कमी भरते, कधी जास्त. पण बियाण्यावरचा खर्च आणि हाती येणारे पीक यांत एवढे अंतर शेतीत क्वचितच दिसते. शिवाय खाद्य तलावच पुरवतो. हा पैसा ज्यांच्या हाती जातो ते भोई आणि कहार समाजाचे लोक आहेत. बहुतेकांकडे जमीन थोडी किंवा मुळीच नाही; थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणे एवढीच त्यांची साधनसामग्री. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्यात वीज आणि कर्जाच्या सवलतींचा मुद्दा प्रमुख होता.

मग हे काम सरकारनेच का करावे? खाजगी हॅचऱ्या आहेत. पश्चिम बंगालमधली नैहाटी आणि रामसागर ही गावे मत्स्यबीजाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहेत आणि तिथला माल महाराष्ट्रापर्यंत येतो. खाजगी उत्पादकाचे गणित बाजारावर चालते, ते चुकीचेही नाही. पण हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेल्या पिशवीत काय आहे, हे ठेकेदार संस्थेला पिशवी उघडूनही नीट कळत नाही. बोटभर वयात कटला ओळखता येतो, पण रोहू-मृगळ आणि त्यांचे संकर यांतला फरक भल्याभल्यांना चकवतो. एकाच हौदात कटला आणि रोहू एकत्र सोडले की संकर होतोच. थोड्याच नर-मादींपासून पिढ्यान्‌पिढ्या बीज घेतले तर वंश खुरटतो, वाढ मंदावते. यावर उपाय म्हणजे प्रजनक साठा वेळोवेळी बदलणे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निवड पद्धतीने तयार केलेला ‘जयंती’ रोहू १९९७ पासून याच कामासाठी दिला जातो. अशा सुधारित जातीचे शुद्ध प्रजनक सांभाळायचे, दुष्काळातही ते मरू द्यायचे नाहीत आणि परवडेल त्या दरात बीज द्यायचे, हे सरकारी केंद्राचे खरे काम. नफ्याच्या वहीत ते कधीच शोभून दिसणार नाही. अशा केंद्राची किंमत त्याच्या विक्रीच्या पावत्यांवरून ठरवणे म्हणजे सरकारी दवाखान्याची किंमत केसपेपरच्या फीवरून ठरवण्यासारखे आहे.

विक्रीच्या पलीकडचे काम म्हणजे संवर्धन. नदीत सोडलेला मासा कोण धरेल हे ठरलेले नसते, म्हणून नदीसाठी बीज तयार करायला कोणी व्यापारी पुढे येत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली सुरू झाली आणि नद्यांत देशी माशांची बोटुकली सोडण्याचा कार्यक्रम तिच्यात घातला गेला, तो यामुळेच. जालन्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीला त्याची गरज आहे. वर जायकवाडी, खाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे. नदी आता पायऱ्यापायऱ्यांची तळी झाली आहे. पुरात वर चढून अंडी घालणाऱ्या माशांची वाट जागोजागी अडली. मात्र हॅचरीलाही मर्यादा आहे. गोदावरीतली मोठी वाम अंडी घालायला थेट समुद्रात जाते. तिचे बीज कुठल्याही हौदात तयार होत नाही. तिच्यासाठी वाट मोकळी असणे हाच उपाय.

संवर्धनाचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण सरकारी नाही, टाटांचे आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून महसीर माशाचे बीज तयार करायला घेतले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे त्यात मोठे काम आहे. निळसर परांचा दख्खनी महसीर हा अस्सल इथलाच मासा. कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या नदीतल्या नमुन्यावरून १८३९ साली त्याचे वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे स्थानिक नावच शास्त्रीय नावात घेतले. धरणे, प्रदूषण आणि सुरुंगाची मासेमारी यांनी तो संपत चालला होता. वळवणला त्याची लाखो पिल्ले तयार झाली, देशभर गेली. पूर्वी संकटग्रस्त म्हणून नोंदलेला हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आता ‘किमान चिंता’ या गटात आहे.

पण याच कहाणीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. वळवणची पिल्ले कावेरी नदीतही सोडली गेली. कावेरीत वाशिंडाचा महसीर म्हणून स्वतःचा एक वेगळा, प्रचंड वाढणारा महसीर होता. दख्खनी महसीर तिथे पसरला आणि मूळचा मासा मागे हटत गेला. २०१८ साली वाशिंडाच्या महसीराची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. एका नदीत जीवदान ठरलेले बीज दुसऱ्या नदीत आक्रमण ठरले. अमेरिकेत सरकारी मत्स्यबीज केंद्रांची परंपरा १८७१ पासूनची. तिथे कोलंबिया नदीवर धरणे बांधताना हॅचरीतल्या सामनने नुकसान भरून निघेल असे मानले गेले होते. हौदात वाढलेले मासे रानटी माशांत मिसळून त्यांचा काटकपणा कमी करतात, हे नंतरच्या अभ्यासांत दिसले. म्हणून गोदावरीत सोडायचे बीज गोदावरीच्याच नर-मादींपासूनचे हवे. रोहू-कटला तलावासाठी ठीक. नदीत तांबर, मरळ, शिवडा यांसारख्या तिथल्याच जाती. आफ्रिकन मांगूर तर कुठेच नको. त्याच्या संवर्धनाला देशात बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो, आणि पुरात तळ्याबाहेर पडलेला मांगूर नदीतले जे दिसेल ते खातो.

जालन्यापुरता प्रश्न वेळेचा आहे. जिरे जुलैत तयार होतात. जिल्ह्यातले तलाव भरतात ते ऑगस्टअखेर, सप्टेंबरात, कधी परतीच्या पावसावर. मधले दोन-अडीच महिने जिऱ्याची बोटुकली व्हायला जेमतेम पुरतात. निसर्गाने हे वेळापत्रक जणू जालन्यासाठीच आखले आहे. अडते ते संगोपन तळ्यांपाशी. पिल्ले वाढवायला जुलैत हाती पाणी असावे लागते, आणि जुलैत इथे पिण्याच्या पाण्याचे टँकरही कधीकधी थांबलेले नसतात. मग घाईत जिरे किंवा अर्धबोटुकलीच तलावात सोडली जाते. ती चिलापी आणि शिवड्याच्या पोटात जाते आणि वर्षअखेर जाळे हलके लागते. कागदावर लाखो पिल्ले सोडल्याची नोंद असते, आणि ती खोटीही नसते.

यावरचा उपाय जिल्ह्यात आधीपासून खोदून ठेवलेला आहे. पाणलोट विकासासाठी नावाजलेल्या कडवंचीसारख्या गावांत द्राक्षबागांसाठी शेकडो शेततळी आहेत. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात माती नसल्याने प्लवंग तयार होत नाहीत. तळाशी वीतभर माती पसरावी लागते किंवा खाद्य तरी घालावे लागते. एप्रिल-मेमध्ये बागेला पाणी हवे असते, म्हणून मासा मोठा करण्यासाठी अशा तळ्यात आठ महिनेच मिळतात. बाजारचा मासा वाढवायला हा काळ तोकडा, पण बोटुकलीसाठी भरपूर. उन्हाळ्यानंतर तळात शिल्लक राहिलेल्या पाण्यावर जुलैत जिरे सोडायचे आणि सप्टेंबरअखेर बोटुकली शेजारच्या मच्छीमार संस्थेला विकायची, हा जोडधंदा द्राक्षबागायतदाराला जमण्यासारखा आहे. खारपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासारखी संस्था हाताशी आहे आणि पैठणचे मत्स्यबीज केंद्र दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे. जालन्याला नव्या गोल हौदापेक्षा या मधल्या टप्प्याची निकड जास्त आहे.

बीज घेणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. बोटुकली चार बोटांपेक्षा लहान घेऊ नये. मोजणीच्या वेळी स्वतः उभे राहून दोन-तीन वाट्या आपल्यासमोर मोजून घ्याव्यात. तलावावर पिशवी पोहोचली की लगेच न फोडता पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी आणि मगच तोंड सोडावे, तेही सकाळी किंवा उन्हे कलल्यावर.